गाठ सौम्य आहे, आपण नाही

मागच्या महिन्यात रेवदंड्याला एका वलिम्याच्या दावतीत बसले होते. ताट समोर आलं आणि शेजारच्या खालांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाजी, तुमच्या डोक्यात ट्यूमर आहे म्हणे. डॉक्टरांनी किती मुदत दिलीय?"

मी म्हटलं, "खाला, नऊ वर्षं होऊन गेली. मुदत दिली असती तर इथे कशाला आले असते? कजा नमाजा फेडत घरी बसले असते."

खाला हसल्या नाहीत. काहीतरी पढून माझ्यावर फुंकर घातली. त्या दुआबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण घरी येताना मनात हिशोब करत होते, की ही बातमी चौलच्या नाक्यापासून रेवदंड्याच्या मांडवापर्यंत पोहोचेपर्यंत तिचे किती अवतार झाले असतील. मला स्वतःला तीन माहीत आहेत. पहिला, बाजीला कॅन्सर आहे. दुसरा, बाजीवर असर आहे. तिसरा, म्हणूनच तिला एका मुलीनंतर मूल झालं नाही. तिन्ही खोटे आहेत.

खरं काय ते सांगून टाकते. २०१५च्या पावसाळ्यात नाक्याजवळ माझी स्कूटी घसरली. डोक्याला मार बसला म्हणून अलिबागला स्कॅन काढला, त्यात काही शंका आली म्हणून पनवेलला एमआरआय काढला. माराचं काही निघालं नाही. निघाली ती पीयूष ग्रंथीवरची आठ मिलिमीटरची गाठ, जिचा स्कूटीशी काहीही संबंध नव्हता. ती त्याआधी किती वर्षं तिथे होती, अल्लाह जाणे. ती कोणताही हार्मोन जादा बनवत नाही, नजरेच्या नसेला टेकलेली नाही. ताज्या एमआरआयमध्ये ती नऊ मिलिमीटर भरली. एवढा फरक मोजण्यातल्या चुकीतही बसतो, असं डॉक्टर म्हणाले.

माझ्या गाठीचं एवढंच. हा लेख आपल्या सगळ्यांबद्दल आहे. अशा गाठींवर आज इलाज आहेत आणि बहुतेक माणसं त्यांच्यासोबत म्हातारी होतात. ज्यांची आयुष्यं नासतात, त्यांतली पुष्कळ आपल्या संशयाने, लाजेने आणि सब्र या शब्दाच्या चुकीच्या वापराने नासतात. हा माझा आरोप आहे. एकेक करून मांडते.

वाटाण्याएवढी ग्रंथी

मी वर्गात दोन भाषा शिकवते, म्हणून आधी नावांकडे बघू. मराठीत हिला पीयूष ग्रंथी म्हणतात. पीयूष म्हणजे अमृत, पण या संस्कृत शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: नुकत्याच व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, ज्याचा आपण खरवस करतो. उर्दूत ती गुद्दा-ए-नुखामिया. नुखामा म्हणजे कफ. इंग्रजी नावामागचा लॅटिन शब्दही कफाचाच. कारण ग्रीक हकीम गॅलन मानत असे, की मेंदूतला मळ या ग्रंथीतून खाली झिरपतो आणि नाकातून कफ होऊन बाहेर पडतो. त्याच्यानंतर हजार-दीड हजार वर्षं सगळ्या जगाने, आपल्या हकिमांनीही, तेच मानलं. १७व्या शतकात हे चूक ठरलं. नाव मात्र राहिलं.

ग्रंथी वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी, हाडातल्या एका खळग्यात ती बसलेली असते. त्या खळग्याचा आकार पाहून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला तुर्की खोगीर असं नाव दिलं. या खोगिरावर बसून ती थायरॉइडला, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींना, बाईच्या बीजकोशांना आणि पुरुषाच्या वृषणांना हुकूम सोडते. उंची, पाळी, दूध, लघवीतलं पाणी, सगळ्याची लगाम तिच्या हातात. तिच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. म्हणून इथल्या गाठीचा आकार जितका महत्त्वाचा, तितकीच तिची जागा.

या गाठी दुर्मीळ आहेत असं समजू नका. दुसऱ्याच कारणाने मेलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात साधारण दहांतल्या एकाच्या ग्रंथीत बारीक गाठ सापडते. त्या माणसाला ती आहे हे जन्मभर कळलेलंच नसतं. ज्यांना तिचा त्रास होतो ते हजारात एकाच्या आसपास. ग्रंथीत उगवणाऱ्या या गाठींपैकी कॅन्सर निघणाऱ्या अगदी क्वचित. दहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर छोटी, तेवढी किंवा त्याहून मोठी असेल तर मोठी, असा डॉक्टरांचा सरळ हिशोब आहे.

काही गाठी गप्प असतात, माझ्यासारख्या. काही दूध आणणारा प्रोलॅक्टिन हार्मोन जादा बनवतात. काही वाढीचा हार्मोन बनवतात. मग मोठ्या माणसाच्या बोटातली अंगठी घट्ट होते, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो. माझ्या वर्गातली पोरं ज्याच्यावर जीव टाकत, त्या द ग्रेट खलीच्या, म्हणजे दलीपसिंग राणाच्या, पीयूष ग्रंथीवरची गाठ २०१२ साली अमेरिकेत काढली. आपण ज्याला निव्वळ ताकद म्हणून टाळ्या वाजवत होतो, त्यात आजाराचाही वाटा होता.

मराठीत अशा गाठीला सौम्य म्हणतात, उर्दूत बेजरर, म्हणजे जिच्याने नुकसान होत नाही ती. दोन्ही शब्द अर्धे खरे आहेत. गाठ पसरत नाही, हे खरं. पण नजरेच्या नसेवर दाब आला तर माणूस आंधळा होऊ शकतो, आणि ग्रंथी दबली तर सारे हुकूम बंद पडतात. उलट बाजूला शिकलेले लोक आहेत. २०२२च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गाठींना 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' हे नाव लावलं. माझ्या इंजिनिअर भाच्याने ते वाचून घरात रडारड केली, "इरफान खानला झालेला तोच हा." इरफानचा आजार वेगळा होता. त्यालाही २०१८ साली लोकांना सांगावं लागलं होतं, की 'न्यूरो' म्हटलं की मेंदूच असतो असं नाही. नावात साम्य असलं म्हणून आजार सारखा होत नाही. एवढंही न वाचता आपण शेजाऱ्याचा जनाजा मनातल्या मनात उचलून मोकळे होतो.

दूध आणि संशय

आता पहिला आरोप. माझी एक जुनी विद्यार्थिनी. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते. वय १९, मंगनी झालेली. पाच महिने पाळी आली नाही आणि एक दिवस कमीजवर दुधाचे डाग दिसले. आईने आधी पोटाकडे पाहिलं. भावाने हात उचलला. गरोदरपणाची चाचणी दोनदा केली, दोनदा नाही आलं, तरी घराचा विश्वास बसला नाही. मग एका आमिलकडे नेलं. त्याने सांगितलं, हिच्यासोबत कुणीतरी आहे. तीन जुमेरात झाल्या, धूर झाला, तावीज झाले. तोवर मंगनी मोडली.

ती माझ्याकडे आली, कारण तिला माझ्या गाठीची बातमी ठाऊक होती. माझी गाठ पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडली. आम्ही दोघी अलिबागला एका लेडी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन, दोन रक्ततपासण्या सांगितल्या. बाईमध्ये प्रोलॅक्टिन साधारण २५पर्यंत चालतं. हिचं दीडशेच्या वर होतं. एमआरआयमध्ये सहा मिलिमीटरची गाठ. ऑपरेशन नाही, सुई नाही. कॅबर्गोलिनची अर्धी गोळी, आठवड्यातून दोनदा, रात्री जेवल्यावर. सुरुवातीला थोडी मळमळ झाली, उठताना चक्कर आली. तिसऱ्या महिन्यात पाळी आली. आज तिला दोन मुलं आहेत. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवलं.

ज्या आजाराचं उत्तर आठवड्याला एका गोळीत होतं, त्यासाठी एका मुलीला मार बसला, तिचं नाव गावभर झालं आणि एक नातं तुटलं. आमिलने घेतलेल्या पैशात त्या दोन्ही रक्ततपासण्या कितीतरी वेळा झाल्या असत्या.

दूध आलं की गाठच असते असंही नाही. थायरॉइड मंदावला तरी प्रोलॅक्टिन वाढतं. ॲसिडिटीच्या आणि उलटीच्या ज्या गोळ्या आपण मेडिकलमधून चॉकलेटसारख्या आणतो, त्यांत डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असेल तर त्यानेही वाढतं. काही मानसिक आजारांच्या औषधांनी वाढतं. म्हणून डॉक्टरांना आधी घरातली गोळ्यांची पिशवी दाखवा. या सगळ्या कारणांच्या यादीत मुलीचा चालचलन कुठेच नाही.

हे फक्त आपल्यात होतं असं म्हणून कुणी खूश होऊ नये. पलीकडच्या आळीत हेच काम भगत आणि देवऋषी करतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३पासून गुन्हा आहे, आणि तो कायदा मारणाऱ्याचा धर्म विचारत नाही. पण मी माझ्या अंगणाबद्दल बोलणार. दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवून माझं अंगण साफ होत नाही.

नवऱ्याची तपासणी कोण करणार?

दुसरा आरोप पुरुषांवर आहे. प्रोलॅक्टिनची गाठ पुरुषालाही होते. त्याला दूध सहसा येत नाही, पाळी चुकण्याचा प्रश्न नाही. त्याची इच्छा मरते, थकवा येतो, मूल होत नाही, कधी छाती वाढते. यातलं एकही दुखणं आपला मर्द डॉक्टरसमोर तोंडातून काढत नाही. म्हणून पुरुषांमधल्या या गाठी सापडतात तेव्हा बहुधा मोठ्या झालेल्या असतात.

आमच्या ओळखीतलं एक घर. नवरा कुवेतला, वर्षातून दोन महिने गावी. मूल नाही. सहा वर्षं बायकोला मुंबईच्या डॉक्टरांकडे फिरवलं. नळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बिणीची तपासणी झाली, नवस झाले. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी, जी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी, ती कुणीही सुचवली नाही. सुचवली असती तर घरात भूकंप झाला असता. शेवटी औलादीसाठी दुसरा निकाह झाला. पहिली माहेरी गेली. दुसरीलाही दोन वर्षं काही झालं नाही.

मग एक दिवस त्याच्या मोटारसायकलची धडक रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला बसली. समोरचं दिसत होतं, बाजूचं दिसत नव्हतं. त्याआधी कुवेतमध्ये त्याने तीनदा चष्मा बदलला होता. घरात दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, लोक हसायचे. हे या गाठीचं नेमकं लक्षण आहे: वरच्या नसांच्या चौकावर दाब आला की दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू आधी जाते. एमआरआयमध्ये तीन सेंटिमीटरची गाठ निघाली, प्रोलॅक्टिन हजारांत. इतकी मोठी गाठ असूनही इलाज गोळ्यांनीच झाला, काही आठवड्यांत नजर बरीचशी परत आली. पहिल्या बायकोची माफी मात्र आजवर कुणी मागितली नाही.

माझी जमातीच्या बुजुर्गांकडे एकच मागणी आहे. मूल होत नाही म्हणून तलाकचं किंवा दुसऱ्या निकाहचं प्रकरण तुमच्यासमोर आलं, तर नवऱ्याचे तपासणीचे कागद हातात येईपर्यंत एकही शब्द ऐकून घेऊ नका. बाईचे कागद मागायला तुम्हाला कधी लाज वाटली नाही. आता पुरुषाचे मागताना वाटू देऊ नका.

चंदा ऑपरेशनला मिळतो, फाइलला नाही

तिसरा आरोप आपल्या सखावतीवर आहे, आणि तो लिहिताना मला जड जातं. कारण आपले लोक देतात, खुल्या हाताने देतात. जुम्याच्या नमाजनंतर चादर पसरली आणि एका तासात कुणाच्या बायपासचे पैसे जमले, हे मी स्वतः पाहिलंय. पण या गाठींचा आजार चादर पसरण्याजोगा नाही. त्यात रक्त नाही, आयसीयू नाही, रडणारं कुटुंब नाही. त्यात फक्त दरवर्षी एक एमआरआय, एक नजरेच्या परिघाची तपासणी, काही रक्ततपासण्या आणि रोजच्या दोन-तीन गोळ्या आहेत. दहा वर्षं. वीस वर्षं. मरेपर्यंत.

डॉक्टर म्हणतात, लक्ष ठेवू. घरचे त्याचा अर्थ घेतात, काही करायचं नाही. लक्ष ठेवणं हाच इथे इलाज असतो आणि त्याला मेहनत लागते. मोठी गाठ असेल तर सुरुवातीला सहा महिन्यांनी, छोटी गप्प गाठ असेल तर वर्षाने पुन्हा एमआरआय. काही वर्षं ती जागची हलली नाही तर मधलं अंतर वाढवतात. गाठ वाढली, नसेला टेकली, नजर कमी झाली किंवा हार्मोन बिघडले, की मग ऑपरेशनचा विचार. तेही बहुतेक वेळा नाकातून, कवटी न उघडता. ही वाट नवी नाही, १९०७ साली ऑस्ट्रियात पहिल्यांदा वापरली गेली. आज दुर्बिणीमुळे ती पुष्कळ सुरक्षित झाली आहे. गाठीचा तुकडा उरला तर कधी रेडिएशन. आणि ऑपरेशन उत्तम झालं तरी फाइल बंद होत नाही, कारण गाठ पुन्हा उगवू शकते.

चौलहून ही फाइल सांभाळणं म्हणजे काय, ते मुंबईत बसून कळत नाही. परळच्या केईएममध्ये अंतःस्रावी ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे, मेंदूच्या शस्त्रक्रियेचाही आहे. नकाशावर मुंबई आमच्या समोर, खाडीपलीकडे. पण पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद. मग एसटीने वडखळ, पेण, पनवेल करत जायचं. जुलैची तारीख मिळाली की निम्मे लोक ती चुकवतात. एकदा चुकली की लाज वाटते, मग जातच नाहीत. सरकारी योजनेतून ऑपरेशन होतं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेने हजारो गरिबांचं झालंय. पण ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्याच्या पॅकेजवर चालते. रोजच्या गोळीचा आणि एसटीच्या तिकिटाचा खर्च घरच्याच डब्यातून जातो. नाक्यावरच्या मजुराला तो दर महिन्याला परवडत नाही, म्हणून तो गोळी एक दिवसाआड खातो आणि कुणाला सांगत नाही.

म्हणून बैतुलमालवाल्यांना माझं म्हणणं आहे: एक वही वेगळी काढा. ज्यांना आयुष्यभर गोळ्या आहेत, त्यांची नावं त्यात गुपचूप लिहा. दर महिन्याला गोळ्यांचे पैसे थेट मेडिकलवाल्याला द्या, वर्षातून एकदा एमआरआयचे. रक्कम एका बायपासपेक्षा कमी भरेल. कुणाचा फोटो निघणार नाही, व्हॉट्सॲपवर टाकायला काही मिळणार नाही. पण जकातीचा हक्क असलेल्या माणसापर्यंत ती पोहोचेल.

आणि सब्र. आपल्याकडे सब्र म्हणजे गप्प बसणं असं झालंय. माझ्या लेखी सब्र म्हणजे नऊ वर्षांचे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवणं. एका रुग्णालयात माझी सीडी हरवली, तेव्हापासून मी सगळ्याच्या दोन प्रती ठेवते. हळू वाढणारी गाठ मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून पाहिली तर कधीच वाढलेली दिसत नाही. सगळ्यात पहिल्या फोटोशी ताडली तरच दिसते. म्हणून पहिला फोटो जिवापाड जपा.

रोजा आणि गोळी

चौथा मुद्दा सगळ्यात नाजूक, आणि जिवाचा आहे. गाठीने किंवा ऑपरेशनने ग्रंथी दुबळी झाली, तर शरीर कॉर्टिसॉल पुरेसं बनवत नाही. अशा माणसाला हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. ती ताकदीची गोळी नव्हे. तिच्यावाचून रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, माणूस बेशुद्ध होतो आणि मरू शकतो. काहींच्या लघवीवरचा ताबा जातो, पाणी सतत वाहून जातं, त्यांना डेस्मोप्रेसिन लागतं आणि तहान मारून चालत नाही.

मोहल्ल्यातल्या एका भाईंचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. रमजान आला. डॉक्टरांनी रोजा नको म्हटलं होतं. भाईंनी तीस वर्षांत एक रोजा सोडला नव्हता. सहरीला गोळी घेतली, दुपारची सोडली. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, असरपर्यंत शुद्ध हरपली. घरचे म्हणाले, रोजा लागला असेल, इफ्तारपर्यंत थांबू. त्यांच्या मुलीने ऐकलं नाही, रिक्षा आणली. अलिबागच्या डॉक्टरांनी खिशातलं कार्ड वाचलं आणि लगेच इंजेक्शन दिलं, म्हणून भाई आज आहेत. कार्ड नसतं तर डॉक्टर उलट्यांवरच उपचार करत बसले असते.

सूरह बकरहमध्ये जिथे रोजे फर्ज झाल्याचं सांगितलं आहे, तिथेच आजारी माणसाला सूटही दिली आहे. पुढे कजा करता येत असेल तर कजा, बरं होण्याची आशाच नसेल तर फिदया. हे मी नवं सांगत नाही, प्रत्येक मौलाना साहेबांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मग शाबानच्या शेवटच्या जुम्याला मिंबरवरून ते स्वच्छ, नाव घेऊन का सांगितलं जात नाही? ज्याच्या गोळ्या स्टेरॉइडच्या आहेत, इन्सुलिन आहे, डायलिसिस आहे, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय रोजा धरू नये, हे वाक्य उच्चारायला अर्धा मिनिट लागतो. भाई पुढच्या रमजानमध्ये फिदया देत होते आणि तरीही न्हाणीघरात लपून पाणी पीत होते. अल्लाहने सूट दिली होती, मोहल्ल्याने दिली नव्हती.

प्रत्येक गोळीला हा नियम लागू नाही. त्या मुलीची कॅबर्गोलिन रात्रीचीच असते, तिला रोजाची अडचण आली नाही. म्हणून स्वतः ठरवू नका, विचारा. आणि स्टेरॉइड घेणाऱ्याने ताप आला तर डोस वाढवायचा असतो, उलटी होऊन गोळी पोटात ठरत नसेल तर थेट दवाखाना गाठायचा असतो. घरातल्या एका तरी माणसाला हे पाठ हवं.

तुम्ही म्हणाल

तुम्ही म्हणाल, बाजी डॉक्टरांची वकिली करतेय. नाही. २०१५ साली एका खासगी दवाखान्यात मला सांगितलं होतं, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून टाका, उगाच जोखीम नको. आठ मिलिमीटरच्या गप्प गाठीला ऑपरेशन नको होतं, हे दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर कळलं. घाबरलेला माणूस कुठेही सही करतो, आणि हे त्यांना माहीत असतं. आमिल भीती विकतो तसा कधी कधी कोटवालाही विकतो. दोन्हीवर उपाय एकच: घाई करू नका, दुसरं मत घ्या, कागद मागा. घाई करायची ती फक्त एका वेळी. अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, उलट्या, आणि नजर गेली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही.

तुम्ही म्हणाल, दुआवर तुझा भरवसा नाही. आहे. खालांची फुंकर मी नाकारली नाही. माझं भांडण दुआशी नाही, दुआला पडद्यासारखं वापरण्याशी आहे. इब्न सीनाचं नाव घेऊन जलशांत छाती फुगवणारे आपणच, आणि मुलीला रक्ततपासणीऐवजी धुरात बसवणारेही आपणच. त्या हकिमांनीही या ग्रंथीबद्दल कफाची चूक मानली होती. पण ते उपलब्ध असलेलं सगळं वाचत होते, तपासत होते. आपण त्यांची नावं ठेवली आणि सवय सोडली. आमचं चौल तर हजार वर्षांपूर्वी अल-मसूदीने पाहिलेलं बंदर. तेव्हा अरबस्तानातून, इराणातून माणसं इथे मालाबरोबर इल्मही घेऊन उतरत होती. आज आम्हाला खाडीपलीकडच्या परळपर्यंत एक फाइल नेता येत नाही.

खालांना त्या दिवशी मी पुरतं उत्तर दिलं नव्हतं. आता देते. खाला, डॉक्टरांनी मला मुदत दिलेली नाही, तारीख दिली आहे. डिसेंबरची. सकाळच्या पहिल्या एसटीने निघणार आहे. तुमच्या ओळखीत कुणाची पाळी अचानक बंद झाली असेल, कुणी दाराच्या चौकटीला आपटत असेल, कुणाची फाइल दोन वर्षं ट्रंकेत पडून असेल आणि मुंबईला एकट्याने जायची भीती वाटत असेल, तर शाळेत निरोप ठेवा. माझ्या शेजारची सीट मी धरून ठेवते.